महेंद्र सरांचं शून्य

शेणव्याजवळच्या महेंद्र सरांना ‘आटगाव किती लांब हो?’ एवढं विचारून सुटका नाही. ‘नुसतं किती? कुणीकडं, ते नको का?’ म्हणत सर सुरू. नुसतं ‘किती’ सांगितलं की अदिश राशी, दिशाही सांगितली की सदिश. नववीला विज्ञान शिकवतात, पण घंटा झाली तरी यांचं शिकवणं थांबेल तर शपथ! माणूस लाखातला, फक्त जिभेला हाड नाही.

एकदा वर्गात अंतर आणि विस्थापन शिकवताना उदाहरण सुचेना, तर स्वारीनं थेट स्वतःच्या घरात हात घातला. ‘आमच्या बाईसाहेब दिवसभर विहीर, गोठा, चूल करतात. चाललेलं अंतर बक्कळ! पण निघाल्या तिथंच परत येतात, म्हणून विस्थापन शून्य.’ वर्ग खो खो हसला. सर खूश.

शेजारची रविना त्याच वर्गात. संध्याकाळी विहिरीवर सगळ्या बायकांसमोर तिनं सरांच्या बायकोला सांगून टाकलं, ‘वंदनाकाकी, सर बोलले तुमचं शून्य!’ झालं! सकाळी उठून वंदनानं पिशवी भरली.

‘मुरबाडला आयेकडं चालले. आज तरी माझं शून्य नाय ना?’

उत्तर बरोबर होतं.

मग सर लागले कामाला. विहिरीवरून घरापर्यंत सगळा चढ. हंड्याच्या दोन खेपांतच पोटऱ्यांत गोळे आले. तोवर भात करपला, म्हशीनं जवळ उभं केलं नाही. ओट्यावर पाय चोळत बसले, तेव्हा त्यांना लाज वाटली. ही रोज हेच करते, आणि आपण चारचौघांत तिचं हसं केलं. ती परत आलीच नाही तर? तसेच उठले आणि मुरबाडची एसटी धरली.

सासूबाई चिमाबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. ‘या जावईबापू! सापडली का दिशा?’ म्हणाल्या आणि हसू दाबत सुपात बघू लागल्या.

वंदना आतूनच बोलली, ‘कशाला आलात? परत जाल, म्हंजे तुमचं पण शून्यच.’

एरवी तासभर बोलणारे सर दाराशी चाचरत उभे राहिले. ‘चुकलो गो. पाय दुखतात ते चाललेल्या अंतरानं. मी भलतंच मोजलं.’ मग आवाज खाली आला. ‘लय दुखतात का तुझे पाय?’

वंदना दारात आली. डोळे भरले होते.

‘दुखतात,’ ती म्हणाली. ‘लग्न झाल्यापासून आज पयल्यांदा विचारलंत.’