चिरंजीवांचा सोवळ्यातील भात

ज्या दिवशी आमच्या कल्याणच्या घरावर शेजाऱ्यांनी घागरीमागून घागर पाणी ओतले, त्या दिवशी घराला आग लागलेली नव्हती, हे मी प्रथमच नमूद करून ठेवतो.

चिरंजीव दिनकर मॅट्रिक पास झाले होते आणि पुण्यास कॉलेजात जाणार होते. आमच्या कुटुंबाने अट घातली.

"खानावळीत कोणाच्या हातचं खाणार तो? सोवळ्यात स्वतः वरणभात रांधून मला वाढू दे. मगच आगगाडीत पाय ठेवायचा!"

"भात म्हणजे काय खुनाचा खटला आहे?" मी ठाण्याच्या कोर्टातील आवाजात गरजलो. "मी शिकवितो. तू मध्ये एक अक्षर बोलावयाचे नाही!"

"बरं," ती म्हणाली. (या 'बरं'ची मी तेथेच उलटतपासणी करावयास हवी होती!)

दिनकर स्नान करून, सोवळे नेसून चुलीपुढे बसला. मी ओवळ्यात, म्हणून उंबऱ्याबाहेर. आमच्या घरचा कायदा कडक होता: ओवळ्याने सोवळ्यास शिवले की सोवळ्याने पुन्हा स्नान करावयाचे, आणि ओवळ्याने आत पाऊल टाकले की वर्षाचे लोणचे-पापड बाद!

"चुलीत लाकडे भर!" मी हुकूम सोडला.

"नाना, किती?"

"भरपूर!"

लाकडे ओली निघाली. धूर असा कोंडला की चिरंजीव दिसेनासे झाले. संतापून मी ओसरीवर जाऊन लाकूडवाल्याविरुद्ध अर्ज लिहावयास बसलो. तिसऱ्या कलमाशी करपल्याचा वास आला.

"नाना, भात लागतोय! उतरवू?"

"खबरदार! पुराव्याशिवाय उतरवू नये! शीत दाखव इकडे!"

मी धावत जाऊन धुरात हात घातला. तो सरळ दिनकरच्या खांद्यावर पडला.

"नाना! शिवलात!"

पोरगा विहिरीकडे पळाला. भात चुलीवर; आणि तो उतरविण्याचा अधिकार असलेला एकही मनुष्य घरात नाही! मी हादरून कुटुंबाकडे पाहिले. तिने ओठांवर बोट ठेवले.

"बोल! बंदी उठविली!"

"मीही ओवळ्यातच आहे. जळू दे."

"अरे दिनकर, धाव!" मी परसाकडे तोंड करून ओरडलो. "जळतंय रे, जळतंय!"

ते आळीने ऐकले. कौलांतून धूर निघतच होता. क्षणात शेजारचे काशिनाथपंत छपरावर!

"उतरा खाली! ही बेकायदा चढाई आहे!"

"वकीलसाहेब, आधी बाजूला व्हा, कायदा मागाहून सांगा!"

कौले निघाली आणि पाणी कोसळले: चुलीवर, भातावर, लोणच्याच्या बरण्यांवर, आणि वर पाहून हरकत घेणाऱ्या माझ्या उघड्या तोंडात!

विहिरीवर दिनकर रडकुंडीला आला होता. "आई, पुणं गेलं ना गं माझं?"

तिने त्याच्यापुढे कोरडे डाळ-तांदूळ ठेवले. मी अंगणात काशिनाथपंतांना कलमे ऐकवीत होतो, तेवढ्यात परसात तीन दगडांवर वरणभात तयार! तिने घास घेतला.

"छान मऊ झालाय. जा हो पुण्याला."

मी थक्क! "याला शिकविले कोणी?"

"मी. तुम्ही कोर्टात गेलात की रोज."

"मग मघाशी काय झाले होते, गाढवा?"

"मघाशी तुम्ही सांगत होतात ना, नाना!"

मी तडक अर्ज पुरा करावयास ओसरीवर गेलो. अर्ज जागेवर नव्हता. परसातली चूल त्याच कागदाने पेटली होती!

जन्मभर मी सरकारदरबारी शेकडो अर्ज पाठविले. ताबडतोब परिणाम झालेला हा एकच.