ताईचं घमेल्यातलं झाड

सुमनताईचं झाड मी मारलं होतं. मुद्दाम.

ताई काल सकाळी मारेगावला वारली. एकोणऐंशी वर्षांची होती. घरच्या ग्रुपवर फोटो टाकून झाले, सगळ्यांचे हात जोडून झाले.

हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

आम्ही राळेगावकडचे. बाबा जिनमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे.
छप्पन साली ते नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले आणि घरातले देव नदीत सोडून दिले. त्याच आठवड्यात जिनच्या भिंतीत उगवलेलं पिंपळाचं बोटभर रोप ताईनं उपटून आणलं. ती तेव्हा दहा वर्षांची.

आईला ते काही पटलं नव्हतं. पिंपळावर मुंजा असतो म्हणून ती आम्हाला तिन्हीसांजेला तिकडं फिरकू द्यायची नाही, आणि आता तोच पिंपळ घरात!

लावायला जागा नव्हती. पुढं गल्ली, मागं दुसऱ्याची भिंत.
बाबांनी एक बुडाला भोकं पडलेलं लोखंडी घमेलं दिलं. म्हणाले, "जागा भेटन तवा जमिनीत लावू."

जागा काही भेटली नाही.

सात वर्षांत झाड गुडघ्याएवढंच राहिलं. खोड मात्र मनगटाएवढं झालं. बुद्धजयंतीला सगळी वस्ती आमच्या दारात यायची आणि त्या घमेल्यापुढं मेणबत्त्या लावायची. बाबा त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून उभे राहायचे. वर्षभरात एवढा एकच दिवस त्यांची मान ताठ असायची.

मग ताईचं लग्न झालं.

निघताना ती माझ्याशी काय बोलली? "मंदे, झाडाले रोज एक लोटा पाणी टाकजो."
बस्स. एवढंच.

मी बारा वर्षांची. तिची सगळी कामं माझ्या गळ्यात पडली होती. विहिरीचं पाणी भरून शाळेत जायचं, उशीर व्हायचा, मास्तर दाराशी उभं करायचे. आणि जाणाऱ्या बहिणीला काळजी कुणाची, तर झाडाची!

होळीपासून मी पाणी बंद केलं.

कुणाला कळलं नाही. पिंपळ त्या दिवसांत पानं गाळतोच. पण चैत्रात नवी पालवी फुटली नाही, तेव्हा माझं धाबं दणाणलं. बुद्धजयंती जवळ आली होती आणि तिच्या चार दिवस आधी ताई माहेरी येणार होती.

मग मी आपल्या भागातला माणूस करील तेच केलं. शेतातली चांगली काळी माती आणली, घमेल्यात गच्च भरली. वर मूठ-मूठ सरकीची ढेप टाकली. ती खाऊन म्हैस दूध देते, झाड पान देईल, असा हिशोब. आणि बादलीभर पाणी.

दोन दिवसांत काळी माती दगडासारखी बसली. ढेपीला वास सुटला.

ताई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी घमेल्यापाशी बसली. नखानं साल खरवडली.
"हिरवं हाय," एवढंच म्हणाली.

मग तिनं ते झाड घमेल्यातून पालथं काढलं. वर माझी दगड झालेली माती. आत, मुळांच्या गड्ड्यात, माती कोरडी ठणठणीत. ताईनं ती बोटांनी चुरली. माझ्याकडं बघितलं.

मी खाली बघितलं.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी झाड उघडं पडलेलं पाहिलं. "काय झालं वं?"

"घमेलं तापलं बाबा," ताई म्हणाली. "लोखंडाचं हाय ना."

दुसऱ्या दिवशी तिनं वाळलेली मुळं विळ्यानं कापली. मला फुटक्या विटा आणायला लावल्या, पडक्या भिंतीचा चुना आणायला लावला. ते सगळं कुटून, वाळूत कालवून घमेल्यात भरलं. "हे भिंतीतलं झाड हाय मंदे. त्याले कायले पाह्यजे चांगली माती?" घमेल्याला ओलं बारदान गुंडाळलं आणि ते रांजणाच्या सावलीत सरकवलं.

त्या बुद्धजयंतीला लोकांनी काड्यांपुढं मेणबत्त्या लावल्या. बाबांनी धोतर धुतलं नव्हतं.

पान येईपर्यंत थांबायची ताईची फार इच्छा होती. पण सासरचे न्यायला आले.

मला वाटलं, आता ती झाड आईच्या हवाली करेल. नाही.
"मंदे, रोज एक लोटा," म्हणाली. मागच्यासारखंच. आवाजसुद्धा तोच.

मी रोज घातलं. दीड महिना काही नाही. मग एके दिवशी खोडाच्या मधोमध तांबडं टोक दिसलं. मी मारेगावला पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एकच शब्द लिहिला: आलं.

बाबा वारल्यावर ताई ते झाड मारेगावला घेऊन गेली. मध्यंतरी तिच्या नातीनं मला समजावलं, "आजी, याला बोन्साय म्हणतात. मुद्दाम छाटून लहान ठेवतात." मी हो म्हटलं. आम्ही छाटलं नव्हतं, आमच्याकडं जागा नव्हती, हे तिला कुठं सांगत बसू?

साठ वर्षांत ताईनं त्या कोरड्या मातीचा विषय एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. माफी मागायची राहिली. त्याचं मात्र वाईट वाटतं.

काल सगळं आटोपल्यावर भाच्यानं झाड माझ्या गाडीत आणून ठेवलं.
म्हणाला, "मावशी, आई सांगून गेली. झाड मंदीले देजा. तिले सांभाळता येते."

यवतमाळला घरी पोचेपर्यंत मी ते मांडीवर धरून होते.

ताई, आज सकाळी एक लोटा पाणी घातलं.
उद्याही घालीन.