पाण्यावरची पायरी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकच्या एका कॉलेजात पाण्यावर पसरणाऱ्या पॉलिमरच्या थरांवर पीएच.डी. करत होते. कुणी विचारलं की मी सांगायचे, "पाण्यावर साय धरते." घरचे हसायचे आणि माझ्या लग्नाचा विषय काढायचे.

काम साधारण तसंच होतं. माझ्या गाइड सरांनी अंबडच्या एका वर्कशॉपमधून टेफ्लॉनचा उथळ ट्रे करून घेतला होता. त्यात पाणी भरायचं आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेल्या पॉलिमरचे थेंब वर सोडायचे. क्लोरोफॉर्म उडून जाई; पॉलिमरच्या लांब साखळ्या पाण्यावर आडव्या पडून एका रेणूच्या जाडीचा थर धरत. मग टेफ्लॉनची पट्टी सरकवत त्यांची जागा कमी करायची. दाटी वाढली की दाब वाढे, आणि यंत्राचं पेन कागदावर चढती रेघ काढे. साखळ्या कशा बसल्या आहेत ते त्या रेघेवरून ताडायचं. बाहेरून ट्रक गेला तरी पेन थरथरे, आणि आमच्या रस्त्यावर ट्रकना तोटा नव्हता. इतकं सोसून रेघ निघायची ती पुस्तकातल्यासारखीच. तिच्यात नवं काही नसेल तर प्रबंध कशाचा लिहायचा, या विचाराने मला जेवण जात नसे.

त्या उन्हाळ्यात सरांच्या पत्नी गेल्या. मूलबाळ नव्हतं. सर पंचवटीतून रोज वेळेवर येत, पण मी काय सांगते ते त्यांच्यापर्यंत पोचत नसे. दर खंडेनवमीला त्याच येऊन यंत्रांची पूजा करायच्या. त्या वर्षी सरांनीच केली. मी पेढे घेऊन परत येईपर्यंत आटोपलंही होतं.

दसऱ्यानंतर रेघ बदलली. चढता चढता थबकायची, थोडी आडवी जायची आणि पुन्हा चढायची. सर खुर्चीतून उठून आले.

"पायरी आहे ही. दाटीत साखळ्या एकमेकींवर चढताहेत. एका थराचे दोन होताहेत."

दिवाळीपर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही. सर पुन्हा डबा आणू लागले, रोज दाढी करू लागले. पेपर त्यांनी स्वतः लिहायला घेतला. मलाही हायसं वाटलं. माझा प्रबंध मार्गी लागला होता.

मग क्लोरोफॉर्मची बाटली संपत आली. मी नवी उघडली आणि पायरी नाहीशी झाली. पुन्हा केलं, तरी नाही. शेवटी जुन्या बाटलीत उरलेलं क्लोरोफॉर्म पॉलिमर न घालता तसंच पाण्यावर सोडलं. ते उडून जायला हवं होतं आणि रेघ सपाट राहायला हवी होती. पट्टी सरकवली तशी रेघ चढली. पाणी आम्ही रोज तपासत होतो, बाटली कधीच नाही. काचेचं बूच उपसून पाहिलं. त्याच्या खालच्या टोकाला पिवळा, तेलकट डाग होता. हळद. खंडेनवमीच्या पूजेत सरांनी समईच्या तेलात कालवलेल्या हळदीचं बोट बाटल्यांनाही लावलं असणार, आणि ते ओघळून आत गेलं असणार. या कामात तेलाचा अंशही चालत नाही, हे मला त्यांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

मला संताप आला. सरांवर काढवेना, म्हणून हळदीवर काढला. गप्प बसले असते तर पदवी पदरात पडली असती आणि सर जेवत राहिले असते. पण नसलेली पायरी आहे म्हणून छापायची कशी? बूच घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी बूच उजेडात धरलं. मग ट्रेपाशी येऊन नव्या बाटलीतलं क्लोरोफॉर्म घेऊन सगळं पहिल्यापासून स्वतःच्या हाताने केलं, आणि रेघ पुरी होईपर्यंत उभे राहिले. पायरी नव्हती.

पेपरचे कागद त्यांनी कपाटात ठेवून दिले.

"ती गेल्यावर या वर्षात एक तरी चांगलं घडलं असं मला वाटलं होतं," ते म्हणाले.