चिनी वैद्य आणि काकांचा डावा डोळा

इतक्या शिस्तीनं स्वतःचं नुकसान करून घेणारा माणूस आख्ख्या भिलाईत दुसरा नसेल. नुकसान करून घ्यायला लोक दारू पितात, प्लॉटच्या भानगडीत पडतात, नाहीतर नगरसेवकाच्या निवडणुकीला उभे राहतात. वैशाली नगरातल्या आमच्या काकांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी एका चिनी वैद्याचा नाद धरला. हा वैद्य चारशे वर्षांपूर्वी वारला, पण काकांच्या घरी त्याच्यावाचून पान हलत नसे. "मेला तिकडं चीनमंधी," काकू म्हणत, "अन् जेवाच्या टायमाले रोज माया घरी हजर."

काका माझे नात्याने कोणी नाहीत. माझे वडील डोंगरगडला रेल्वेत गँगमन होते आणि आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी केमिस्ट्रीत नापास झालो, तेव्हा वडील ओळखीच्या ओळखीने मला काकांकडे घेऊन आले. काका स्टील प्लांटच्या लॅबमधून रिटायर झालेले. लोखंडाचे नमुने तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी फी घेतली नाही, पण पहिला तास केमिस्ट्री झाली की दुसरा तास चिनी वैद्य ऐकावा लागे. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून बसलो होतो, तर म्हणाले, "हा माणूस सरकारी परीक्षेत तीनदा नापास झाला. तू एकदाच झाला. दोन चान्स अजून आहेत तुले." माझ्या नापास होण्याबद्दल इतकं समाधानकारक आजवर कोणी बोललं नव्हतं. आज मी दुर्गला शाळेत शिकवतो, ते या माणसामुळे. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

वैद्य त्यांना रद्दीच्या दुकानात सापडला. इंग्रजी पुस्तक होतं, पुठ्ठा गेलेला, आत झाडापाल्याची चित्रं. काका त्या वैद्याचं नाव ज्या तऱ्हेने उच्चारत, ते ऐकून खुद्द वैद्यानेही ओ दिली नसती. म्हणून आम्ही त्याला वैद्यबुवा म्हणायचो. वैद्यबुवाचा बापही वैद्यच, पण पोरानं साहेब व्हावं ही त्याची इच्छा. पोरगा परीक्षेत आपटला आणि शेवटी बापाच्याच धंद्यात शिरला. मग त्याच्या लक्षात आलं की औषधांची जुनी पुस्तकं चुकांनी भरलेली आहेत. एकाच झाडाला दोन नावं, दोन झाडांना एकच नाव. पारा खाल्ला की माणूस मरत नाही असंही कुठे लिहिलेलं. तेव्हा हा बाबा निघाला रानोमाळ, कोळ्यांना, लाकूडतोड्यांना, शेतकऱ्यांना विचारत, पाला स्वतः चाखत. अर्धं आयुष्य एका ग्रंथात घातलं. हे सगळं काका मराठीत लिहीत होते, आणि प्रत्येक झाडापुढे आपल्याकडचं नाव जोडत होते. ज्या भिलाईत मराठी पोरं आईशी भांडतानासुद्धा हिंदीत भांडतात, तिथे. त्यांचा मुलगा हैदराबादहून फोनवर म्हणाला होता, "पापा, हिंदी में लिखते तो कोई पढ़ता भी." काका म्हणाले, हिंदीत लिहायला दुसरे पुष्कळ आहेत.

नुसतं लिहून भागत नव्हतं, वैद्यबुवासारखं वागणंही आलं. काका रुआबांध्याच्या बाजारात जाऊन भाजीवाल्या बायकांच्या मुलाखती घेत. एकदा मी सोबत होतो. एका म्हातारीसमोर उकिडवे बसून त्यांनी आपल्या छत्तीसगढीत विचारलं, दाई, ही भाजी का खाता? म्हातारीने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "भूख लागथे त खाथन, बाबू." काकांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं, उपयोग : भूक. पुढे कधीतरी धोतऱ्याची फुलं घेऊन आले, कारण वैद्यबुवाने ती दारूत घालून पिऊन पाहिली होती आणि समोरचा नाचला की आपणही नाचतो असं लिहून ठेवलं होतं. घरात दारू नव्हती, तेव्हा काका चहावर भागवणार होते. काकूंनी फुलं त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सरळ शंकराच्या देवळात नेऊन वाहिली. आल्यावर एवढंच म्हणाल्या, "नाचाचं असन तं गणपतीत नाचा."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग काकांना काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची नजर बरीच आधीच गेली होती, त्यांना कळलंच नव्हतं. डावा चांगला होता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत रोज घालायचे थेंब दिले, जन्मभरासाठी. आणि नेमकं त्याच सुमाराला काका तरोट्याच्या पानावर पोचले. तरोटा म्हणजे टाकळा, पावसाळ्यात रेल्वेलाइनच्या कडेने, भिंतीच्या पायाशी, जिथे तिथे उगवतो तो. कोवळ्या पाल्याची भाजी आपण खातो, बी फेकून देतो. वैद्यबुवाच्या ग्रंथात त्याच जातीचं बी होतं, आणि पुढे लिहिलं होतं, डोळ्यांसाठी उत्तम.

काका बी भाजून त्याचा काढा पिऊ लागले. आम्हाला वाटलं, पिऊ देत, कॉफीसारखा तर लागतो. पण ते जन्माचे लॅबवाले. दोन औषधं एकदम घेतली तर गुण कोणाचा हे कसं कळणार? काढा पोटातून दोन्ही डोळ्यांना जाणार, तेव्हा एका डोळ्याचे थेंब बंद केले की झालं. उजवा डोळा स्टँडर्ड, थेंब चालू; डावा सॅम्पल, थेंब बंद. डावाच का, तर ज्या डोळ्यात नजर कमी त्यात फरक काय दिसणार? तर्कात कुठेही चूक नव्हती. म्हणूनच कोणाला सांगायची गरज त्यांना वाटली नसावी. नजर अंधुक व्हायला लागली, तरी ते थांबले नाहीत. प्रयोग मधेच सोडायचा नसतो, हे तर त्यांनी मलाच शिकवलं होतं.

तपासणीला मी आणि काकू सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी मशीनवरचा कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि विचारलं, "अंकल, दवा डाल रहे हैं न?"

"राइट में रेगुलर," काका अभिमानाने म्हणाले. "लेफ्ट में बंद है. लेफ्ट सैंपल है."

बाईंना काही कळेना. मी समजावून सांगितलं. सांगता सांगताच मलाही समजत गेलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "जो रोशनी चली गई, वो वापस नहीं आती, अंकल."

काकांनी मशीनचा कागद डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी विचारलं, "मशीन की गलती तो नहीं?" बाईंनी नाही म्हणून मान हलवली. "मतलब रिझल्ट आ गया," काका म्हणाले आणि उठताना त्यांचा हात खुर्चीच्या पाठीऐवजी हवेत गेला.

येताना काकूंनी ऑटो केला. दारात उतरल्यावर म्हणाल्या, "सॅम्पलच पायजे होता तं मले म्हनाचं होतं. माये दोन्ही चांगले आहेत."

त्यानंतर काकांनी लिहिणं सोडलं. सोडलं काय, ओळ दिसेना. मी म्हटलं, काका, तुम्ही सांगा, मी लिहितो, शेवटचाच भाग तर राहिलाय. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या माणसावर पुस्तक, अन् लिहिणारा असा. कोण वाचन?"  मराठी वाचणारेच इथे किती उरलेत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. एकदाच त्यांनी मला आपल्या लिखाणातलं तरोट्याचं पान काढायला लावलं. 'डोळ्यांसाठी उत्तम' याच्याखाली माझ्याकडून लिहवून घेतलं, काचबिंदूला गुण नाही, करून पाहिलं आहे. पुढे कित्येक रविवार मी जाऊन नुसता बसून येत होतो. काका खिडकीकडे तोंड करून बसायचे. खिडकीबाहेर काय आहे ते मी सांगायला लागलो की म्हणायचे, "राहू दे."

मागच्या रविवारी काकू डाळ निवडत बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "त्या चिन्याचं पुढं काय झालं? इतकी वर्षं माया घरी जेवला, मले तं कोनी सांगतलंच नाही."

 काका खिडकीकडेच पाहत हळूहळू सांगायला लागले. ग्रंथ पुरा झाला, पण छापणारा लवकर मिळेना. म्हातारा वाट पाहत राहिला. छापून हाती यायच्या आधीच गेला. पोरांनी मग तो राजाकडे नेऊन दिला, राजानेही फारसं लक्ष दिलं नाही.

"अन् त्याची बायको?" काकूंनी विचारलं. "तो रानोमाळ पाला चाखत फिरत होता, तवा ते काय करत होती?"

काकांनी मान वळवून आवाजाच्या दिशेने पाहिलं. "माया पुस्तकात नाही ते," ते म्हणाले. "एक ओळबी नाही."

"हं," म्हणून काकूंनी सूप बाजूला ठेवलं, हात धुतले आणि फ्रिजमधून थेंबांची बाटली आणली. काकांनी न सांगता मान मागे टाकली. काकूंनी आधी उजव्यात थेंब सोडला. मग डाव्यातही, अगदी तितक्याच काळजीने.