पडद्यावरचं नाव

आमचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाड पडदा. सगळं यंत्र त्याच्या पाठीतच आहे. हे त्यावर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. हे गेल्यावरही मी रोज दुपारी तो चालू करायचे, कारण आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज यायचा आणि खोलीत कुणीतरी बसलंय असं वाटायचं.

परवा पडदा काळाच राहिला. लेकीने दुरुस्तीवाल्याला पाठवलं. त्याने पाठ उघडली, तर आतून दसऱ्याच्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या पडल्या.

"वहिनी, यालाही हार घालत होता की काय!" तो हसला. मग जुनी हार्ड डिस्क काढून म्हणाला, "कटकट करत होती ना? मरायला टेकली होती म्हणून. आता यातलं काही निघायचं नाही."

एवढे दिवस मी तेच ऐकत बसले होते.

नवी डिस्क बसवली. यंत्र कुणालाच ओळखेना, नाव विचारू लागलं.

"तुमचं टाकू?"

"नको. ह्यांचंच टाका."

"ह्यांचं म्हणजे? नाव तर सांगा, वहिनी!"

उखाण्याशिवाय मी ते कधी उच्चारलं नव्हतं. तोंडाला पदर लावून हळूच सांगितलं.

नवी डिस्क अगदी मुकी आहे. दुपारी खोलीत कसलाच आवाज नसतो. पडद्यावर तेवढं ह्यांचं नाव उमटतं, आणि माझा हात आपोआप पदर सावरायला जातो.