कप्तानाला कुणी बुडवलं

आमच्या सासूबाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं बोर्डावर होत्या. कानाला हेडफोन, हाताशी वायरी आणि मांडीवर उघडी कादंबरी. कॉल जोडून दिला की वाचायला सुरुवात, दिवा लागला की पानात बोट. आपल्या हातून एकदाही चुकीचा नंबर जोडला गेला नाही, असं त्या स्वतःच सांगतात आणि ते खोडून काढायची कुणाची हिंमत होत नाही.

कादंबरी प्रेमाचीच हवी आणि नायिकेच्या मागे किमान तीन पुरुष हवेत. दोनच असले तरी त्या नाक मुरडतात. माझं लग्न होऊन जेमतेम आठवडा झाला होता तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "एकच नायक असला की ते टेंडर आधीच ठरलेलं असतं गं. तीन असले की बाईला डोकं वापरावं लागतं." मी नव्या सुनेला शोभेल अशी मान डोलावली. आता डोलावत नाही. वाद घालते आणि हरते.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅस भरला आणि डॉक्टरांनी फर्मान काढलं: दोन आठवडे पालथं झोपायचं, तोंड सतत खाली आणि वाचन बंद. पालथं झोपणं त्यांनी निमूट मान्य केलं. वाचन बंद म्हटल्यावर मात्र डॉक्टरांना विचारलं, "तुमचं शिक्षण कुठे झालं?"

तेव्हा सासरे म्हणाले, "मी वाचून दाखवीन." आम्ही सगळे गारच पडलो. सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्म जमिनी मोजण्यात गेला. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या कादंबरीला हात लावला असेल, तर तो खुर्चीवरून ती बाजूला ठेवण्यापुरता.

दुपारची जेवणं झाली की ते पलंगाशेजारी स्टूल ओढून बसत. सासूबाई पलंगाच्या कडेला उशीच्या गुंडाळीवर कपाळ टेकून पडलेल्या. त्यांना दिसायच्या खालच्या फरश्या आणि सासऱ्यांच्या चपला. माझी शाळा सकाळची, त्यामुळे मी बाजूच्या टेबलावर वह्या तपासत फुकटात ऐकत असे. कादंबरीत नायिकेच्या मागे तिघं होते: जहाजाचा कप्तान, गावचा डॉक्टर आणि पूल बांधायला आलेला इंजिनिअर. सासरे कोर्टाची नोटीस वाचावी तसे वाचत. "तिचे ओठ थरथरले, स्वल्पविराम, पण ती काही बोलली नाही." खरंच, स्वल्पविरामसुद्धा सोडत नसत.

तिसऱ्या दिवसापासून रंग बदलला. इंजिनिअर आला की त्यांचा आवाज खुले. पुलाच्या खांबांचं वर्णन तर त्यांनी दोनदा वाचलं. कप्तान आला की पानं भराभर उलटली जात. त्याची पत्रं दिवसेंदिवस आखूड होत गेली. डॉक्टरची तर एका वाक्यात बदली झाली. मला शंका आली, पण मी वह्या तपासत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं, "त्या वादळात कप्तानाचं जहाज बुडालं. कुणीही वाचलं नाही."

उशीतून आवाज आला, "कोण बुडालं?"

"कप्तान."

"मग सोळाव्या प्रकरणात तिच्या दारात येऊन उभा राहतो तो कोण? त्याचं भूत?"

सासऱ्यांनी पुस्तक मिटलं.

"चार वेळा वाचलीय मी ही," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरची बदली केलीत तेव्हाच ओळखलं. म्हटलं, बघू या हा माणूस कुठवर जातो. तुम्ही तर खूनच पाडलात की हो!"

हसता हसता माझ्या हातातलं लाल पेन खाली पडलं. सासरे मात्र हसले नाहीत. "तुलाही तीन स्थळं आली होती," ते म्हणाले. "तुमच्या एक्सचेंजमधला तो मेकॅनिक, तो फोटो स्टुडिओवाला आणि मी. आणि एवढी वर्षं तू तीन-तीन पुरुषांच्या गोष्टी वाचतेस. मला आपलं वाटायचं, त्यांच्यातला कुणीतरी मनात राहून गेला असेल."

खरं तर तेव्हा मी उठून जायला हवं होतं. पण असल्या वेळी उठून जाणारी सून अजून जन्माला यायची आहे.

"मेकॅनिक चांगला होता," सासूबाई म्हणाल्या. "स्टुडिओवालाही वाईट नव्हता. तुम्हीही बरे होतात. पण मी कुणाला निवडलंच नाही. माझ्या वडिलांनी निवडलं, कारण तुमची नोकरी कायम होती. मी ड्यूटीवरून घरी आले तर तारीखसुद्धा ठरलेली. या पुस्तकांतल्या बाईला तिघंही विचारतात हो. मला एकानंही विचारलं नाही. तुम्हीसुद्धा वडिलांनाच विचारलंत. म्हणून वाचते मी. कुणाची आठवण येते म्हणून नाही."

त्यात रडगाणं नव्हतं. लाइन लागत नाही असं सांगावं, तसं त्यांनी सांगून टाकलं.

सासरे स्टुलावरून उठले आणि, गुडघे कुरकुरत असतानाही, सासूबाईंना तोंड दिसेल असे खाली फरशीवर बसले. मान वर करून म्हणाले, "मग आता विचारतो. तिघांतून निवडायचं झालं, तर माझ्याशी लग्न करशील?"

"पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय," सासूबाई म्हणाल्या. "घाईत उत्तर देणार नाही."

दिल्या शब्दाला त्या जागल्या. सासऱ्यांचं रोजचं वाचन चालू राहिलं, कप्तान जिवंत झाला, डॉक्टर बदली रद्द होऊन परत आला. पण सासऱ्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारत, "काही बोलली का?" पहिल्या दिवशी मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी वाटेना, कारण बाई खरंच विचार करत होत्या. नकार आला असता तरी कुणी घर सोडून जाणार नव्हतं. पण आपण या बाईच्या आयुष्यात नुसते नेमून दिलेले आहोत, एवढं मनात घेऊन त्यांना पुढचे दिवस काढावे लागले असते. आणि सासूबाई खोटं बोलत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांनी स्टूल ओढलं, पुस्तक उघडलं.

"अहो, ते ठेवा खाली," सासूबाई म्हणाल्या. "माझा होकार आहे."

सासऱ्यांनी पुस्तक खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेवटी मोजणी खात्यातला माणूस, खात्री करून घेतल्याशिवाय राहवेना.

"बाकीच्या दोघांचा नीट विचार केलास ना?"

"केला की," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर तीन दिवस लागले."