अक्का हसत होती

डॉक्टरांनी अक्काला हसायला सांगितलं. अक्का म्हणाली, "हसतेय की."

मी तिच्या शेजारीच बसले होते. मला काही ती हसताना दिसत नव्हती. चेहरा होता तसाच होता. डॉक्टरांनी तिला अंगठा आणि पहिलं बोट भराभर एकमेकांवर टेकवायला लावलं. चार-पाच वेळा जमलं, मग बोटं आखडत गेली. त्यांनी तिचं मनगट, कोपर फिरवून पाहिलं. खोलीतल्या खोलीत चालायला लावलं. चालताना तिचा उजवा हात हलायचा, डावा अंगाला चिकटून राहायचा. शेवटी कागद पुढे केला आणि म्हणाले, "सही करा."

आयुष्यात अक्कानं हजारो सह्या केल्या असतील. फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिची सही जायची. कागदावर जी उमटली ती मुंग्यांच्या रांगेएवढी होती.

"पार्किन्सन्स आहे," डॉक्टर म्हणाले. मग समजावून सांगितलं. मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं. हालचालीचा निरोप ते पोचवतं. ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. पूर्ण बरं होत नाही, औषधांनी सांभाळता येतं.

अक्कानं एकच विचारलं, "कधीपासून असेल?"

"चार-पाच वर्षं तरी. हात थरथरला की लोक येतात. तुमचा थरथरत नाही, म्हणून उशीर झाला. तुमच्या बाबतीत सुरुवात चेहऱ्यापासून झालेली दिसते. याला मास्क्ड फेस म्हणतात. मुखवटा घातल्यासारखा चेहरा. मनात सगळं असतं, चेहऱ्याचे स्नायू ते दाखवत नाहीत."

अक्कानं कागदावरची ती सही बोटानं झाकली. मग म्हणाली, "म्हणजे माझं काम वाईट नव्हतं."

डॉक्टर तरुण होते. त्यांना काही समजलं नाही. मला अर्धं समजलं, उरलेलं नंतर.

माझी अक्का, सिंधू, हिंदी सिनेमात रेवा या नावानं ओळखली जायची. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या कुणालाही विचारा, नाव ऐकून मान डोलावतील. आमचे वडील साक्रीत शाळामास्तर होते. अक्का शिकायला धुळ्याला गेली, कॉलेजच्या नाटकात उभी राहिली, तिथं कुणीतरी तिला पाहिलं आणि वर्षभरात ती मुंबईला गेली. वडील तिच्याशी चार वर्षं बोलले नाहीत. बाजारात तिच्या सिनेमाचं पोस्टर लागलं की ते लांबच्या गल्लीनं शाळेत जायचे.

दहा-बारा वर्षं ती नायिका होती. नाचात फार चांगली नव्हती, ती स्वतःच म्हणायची. तिचं सगळं चेहऱ्यात होतं. कॅमेरा जवळ आणायचा आणि तिला काही बोलू द्यायचं नाही, एवढंच दिग्दर्शक करायचे. थेटरात बायका रडायच्या. पुढे वहिनीची कामं आली, मग आईची, मग मालिका. लग्न केलं ते टिकलं नाही. मूलबाळ नाही.

मी धाकटी, शोभा. जळगावात दिलं मला. तिथंच पिंप्राळ्यात घर, शाळेत नोकरी. आम्ही बहिणी लग्नकार्यात भेटायचो. आमच्यात अंतर होतं, ते लपवत नाही. आई सात महिने अंथरुणावर होती तेव्हा सगळं मी केलं. अक्का आली ती तेराव्याला. शूटिंग होतं म्हणाली.

शेवटच्या मालिकेत तिच्या बाबतीत काय घडलं ते मला निदानानंतर समजलं. दिग्दर्शक म्हणायचा, "मॅडम, डोळ्यांत काही येत नाहीये." एकेका दृश्याचे पंधरा-पंधरा टेक व्हायचे. सेटवर कुजबुज सुरू झाली, की तरुण दिसायला हिनं चेहऱ्यात सुया टोचून घेतल्या, आता चेहरा हलत नाही. मग तिच्या जागी दुसरी बाई आली. अक्का घरी आरशासमोर रोज दोन-दोन तास बसायची. राग, आनंद, भीती, पहिल्या वर्गातल्या मुलासारखं गिरवायची. तिला वाटलं, आपल्याला येत होतं ते गेलं. हे तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग ती न्हाणीघरात पडली. कामवाल्या बाईनं मला फोन केला. मी आणि आमचे हे गाडी करून गेलो आणि तिला जळगावला घेऊन आलो, इथल्या डॉक्टरांना दाखवलं. आठ दिवसांसाठी. त्याला आता तीन वर्षं झाली.

निदानानंतर एमआरआय झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या. दुसरं काही नाही ना हे पाहायला. पार्किन्सन्स मशीनवर दिसतोच असं नाही, डॉक्टर तो रुग्णाला पाहूनच ओळखतात, हे मला तेव्हा नवीन होतं. दवाखान्याच्या बाकावर तासन् तास जायचे. बायका हळूहळू सरकत जवळ यायच्या, मोबाइल काढायच्या. अक्का नाही म्हणायची नाही. फोटो पाहून त्या एकमेकींकडे बघायच्या. त्या फोटोत त्या हसत असायच्या आणि अक्का भिंतीसारखी.

औषध लेव्होडोपा. मेंदूत जाऊन त्याचं डोपामाइन होतं. सुरुवातीला तिला मळमळायचं. वेळ पाळावी लागते. आमच्या डॉक्टरांनी जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायला सांगितलं, कारण डाळ, दूध, दही यांच्याबरोबर ते नीट लागू पडत नाही. औषध चढलं की ऑन, उतरलं की ऑफ. ऑनमध्ये अक्का स्वतः साडी नेसायची. ऑफमध्ये दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटायचे. त्याला फ्रीझिंग म्हणतात. अशा वेळी ओढायचं नाही. आपला पाय तिच्या पुढ्यात आडवा ठेवून म्हणायचं, हा ओलांड. ओलांडता येतो. का येतो ते मला अजून नीट समजलेलं नाही.

पहिल्या वर्षी धुळ्याला आमच्या भावाच्या मुलीचं लग्न झालं. अक्का खुर्चीवर बसून होती. साक्रीकडची चुलत वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हाई आते बी हिरोईनच शे. आम्हनाकडे दखीसन हासस बी नही." आमच्याकडे बघून हसतही नाही म्हणे. मी सांगायला तोंड उघडलं तर अक्कानं माझा पदर ओढला. परतताना गाडीत म्हणाली, "सांगू नकोस. गर्विष्ठ म्हटलेलं चालेल मला. सवय आहे. आजारी म्हटलेलं नाही चालणार."

माझी हाडं दुखायची. सकाळचं औषध, अंघोळ, वेणी, शाळा, मधल्या सुट्टीत घरी फोन, संध्याकाळी व्यायाम. आमचे हे दुपारचं औषध बघायचे. कुणी विचारलं, ताई कशा आहात, तर मला आधी वाटायचं की अक्काबद्दलच विचारतायत.

एका रविवारी मी शेवभाजी केली. तिला लहानपणापासून आवडायची. ती जेवत होती आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. बरं नाही, वाईट नाही. माझा तोल गेला. "काहीतरी दाखव ना तोंडावर! आई गेली तेव्हा आली नाहीस. आता मी तुझं करतेय तर दगडासारखी बसतेस. तुला काही वाटतं की नाही?"

तिचा आवाजही तोवर बारीक झाला होता. ती काहीतरी पुटपुटली. मी ओरडले, "मोठ्यानं बोल!"

"शोभे," ती म्हणाली, "मी रडतेय."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण ते रोजच यायचं. पापण्या कमी लवतात म्हणून या आजारात डोळे पाणावतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी ते रोज पुसायचे. मी समोर बसून पाहत होते आणि माझी बहीण रडतेय हे मला दिसलं नव्हतं.

मी ताट बाजूला केलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आईच्या वेळी शूटिंग नव्हतं. मला तिला तसं पाहवलं नसतं. पळाले मी."

मला राग आला. बरंही वाटलं. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलली होती. त्या दिवशी आम्ही ठरवलं, मी तिच्या तोंडाकडे बघून काही ठरवायचं नाही. मी विचारायचं आणि तिनं शब्दांत सांगायचं.

डॉक्टरांनी आवाजाचे आणि चेहऱ्याचे व्यायाम सुचवले होते. ते शिकवणाऱ्या बाई धुळ्याच्या एका दवाखान्यात शुक्रवारी येतात असं समजलं. भाऊ धुळ्यातच देवपूरला राहतो, म्हणून जायचं ठरवलं. पारोळ्याच्या रस्त्यानं दोन तास लागतात. अक्काला गाडीतून उतरवायलाच दहा मिनिटं.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला बाहेरच्या बाकावर सोनगीरचं एक जोडपं बसलं होतं. शेतकरी माणूस, साठीच्या आतबाहेर. त्याला नुकतंच हेच निदान झालेलं. बायको मला सांगायला लागली, बायका दवाखान्यात सांगतात तसं. "बोलत नही, हासत नही. सहा महिना व्हयनात. आजार बिजार काही नही, मनावर संताप शे त्यान्हा." तो आपल्यावर चिडलाय असंच तिला वाटत होतं. नवरा खाली बघत होता.

अक्का दवाखान्यात कधीच कुणाशी बोलायची नाही. ती सावकाश वळली आणि म्हणाली, "संताप नही वं. तो हासस. त्यान्हा चेहरा ऐकत नही."

साक्री सुटल्यापासून तिच्या तोंडून मी अहिराणी ऐकलीच नव्हती.

बाई अक्काकडे बघत राहिली. मग तिला ओळख पटली. "तुम्ही त्या शिनेमातल्या ना?"

"हाव," अक्का म्हणाली. "आनि मले बी हाईच बिमारी शे."

परक्या माणसाला तिनं हे पहिल्यांदाच सांगितलं. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती मात्र त्या माणसाकडे वळली होती, माझ्याकडे बघ म्हणून सांगत होती. "भाऊ, मनाकडे दख. भुवया वर कर. अजून वर. आते तोंड मोठं उघड. लाजू नको. थेटरमा शेवटनी लाईनमा बठेल मानूसले दिसाले पाहिजे."

तो बिचारा लाजला. अक्कानं स्वतः करून दाखवलं. तिचा चेहरा अर्धाच हलला, पण हलला. त्यानं केलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा डावीकडचा ओठ वर गेला, डोळे बारीक झाले. वाकडंतिकडं होतं, पण हसूच होतं. बायकोनं तोंडाला पदर लावला. "हासना!" हसला, हसला, असं ती रांगेतल्या सगळ्यांना सांगायला लागली. "हासना वं, हासना!"

तिला किती रडू येत होतं ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हे दारातून पाहिलं होतं. पुढच्या खेपेला त्यांनी अक्कालाच विचारलं, सगळ्यांना एकत्र बसवलं तर तुम्ही व्यायाम घ्याल का? तेव्हापासून महिन्यातले दोन शुक्रवार आम्ही धुळ्याला जातो. सहा-सात जण असतात. अक्का त्यांना भीती शिकवते, आश्चर्य शिकवते, नुसत्या आवाजानं भांडायला लावते. बरोबर आलेल्या बायका, नवरे, सुना समोर बसतात आणि कोणता भाव आहे ते ओळखतात. चुकलं की अक्का पुन्हा करून घेते. पंधरा टेक झाले तरी तिला चालतं.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो पसरला. त्या मालिकेच्या दिग्दर्शकाचा फोन आला. माफी मागत होता. अक्का म्हणाली, "तुम्ही एवढे टेक घेतलेत, पण डॉक्टरकडे जा असं एकदाही म्हणाला नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी म्हणा." तिनं फोन माझ्या हातात दिला. साक्रीच्या वहिनीचाही फोन आला. ती नुसती रडली.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी एखादं माणूस अलीकडे हसेनासं झालं असेल, अक्षर बारीक होत चाललं असेल, फोडणी जळली तरी वास येत नसेल, चालताना एक हात हलत नसेल, तर त्याच्याशी भांडण्याआधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. निघालं नाही तर उत्तमच. आणि सांभाळणाऱ्यांनो, अधूनमधून घर सोडा. मी मागच्या महिन्यात तीन दिवस लेकीकडे जाऊन नुसती झोपले. आमच्या यांनी अक्काला सांभाळलं. वेणी तेवढी त्यांना जमली नाही.

आजार पुढे सरकतोय. गोळ्या वाढल्या आहेत. कुशीवर वळायलाही आता मदत लागते. एक दिवस धुळ्याचा रस्ता तिला झेपणार नाही, ते आम्हा दोघींना ठाऊक आहे. मी थकले आहे, आणि अजून थकणार आहे. तरी त्या तरुण डॉक्टरांचे, त्या व्यायामाच्या बाईंचे आणि सोनगीरच्या त्या जोडप्याचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्यामुळे माझी बहीण मला साठीत मिळाली.

परवा सकाळी तिचे केस विंचरताना मी विचारलं, "आज कसं वाटतंय?"

आरशात तिचा चेहरा स्वस्थ होता.

"तुझा राग आलाय," ती म्हणाली. "किती घट्ट घालतेस वेणी."

मी वेणी सोडली आणि पहिल्यापासून पुन्हा घातली.